सरांना विकलेली मिरची

मला पैशाची गरज नव्हती. हे आधीच सांगून टाकतो. कारण ही गोष्ट मनातल्या मनात कुणाला सांगायला घेतली की मी दर वेळी मध्येच कुठेतरी मुलीची फी, गावाकडचं घर, आईचं दुखणं असलं काहीतरी घुसडत आलोय. सगळं खोटं. मुलीची फी भरलेली होती, आई ठणठणीत होती. मला फक्त तोटा नको होता. दुसऱ्या कुणाचा होईल तो होऊ दे, माझा नको, एवढंच.

मी चाकणला एका मोटार कंपनीत आहे, बरीच वर्षं झाली. फिटर म्हणून लागलो, आता असेंब्ली लाइनवर टीम लीडर आहे. म्हणजे वीस-बावीस पोरं माझ्या हाताखाली, आणि त्यांनी चूक केली की शिव्या खायला मी. आमच्या लाइनवर तेव्हा तीन मॉडेलं निघायची. दोन उंच, पोटभर जागा असलेल्या, घरच्या सगळ्यांना आवडतील अशा. आणि एक बुटकी, जमिनीला चिकटून पळणारी, टर्बो इंजिनची. कंपनीनं तिला काहीतरी भलतंच परदेशी नाव ठेवलं होतं, आम्ही तिला मिरची म्हणायचो. अंगानं एवढीशी, पण पाय दाबला की डोक्यापर्यंत झणका! तयार झालेली मिरची ट्रॅकवर फिरवून आणायला पोरांत भांडणं व्हायची. इतर दोन गाड्यांसाठी कुणी कधी भांडलं नाही.

आणि ही मिरची खपायची नाही. लोक शोरूममध्ये यायचे, तिच्यात बसायचे, स्टिअरिंग धरून फोटो काढायचे आणि शेजारची उंच गाडी बुक करून निघून जायचे. खालून घासते म्हणे, मागे आई-वडिलांना बसता येत नाही म्हणे, ॲव्हरेज देत नाही म्हणे. सगळं खरंच होतं. पण आम्ही बनवणारे होतो, आम्हाला राग यायचा. लग्नाला आलेल्या पाहुण्यांनी मुलीचं कौतुक करून जावं आणि स्थळ मात्र एकही येऊ नये, तसं वाटायचं.

मग कंपनीनं कर्मचाऱ्यांसाठी स्कीम काढली. मिरचीवर घसघशीत सूट, हप्ता पगारातून. वरून सूट, आणि आतून थोडा दाबही. महिनाअखेर आली की साहेब लोक जाता जाता विचारायचे, "काय टीम लीडर, तुम्ही अजून बुक नाही केली?" हसत विचारायचे, पण विचारायचे. मी घेतली. माझ्या शिफ्टमधल्या बऱ्याच जणांनी घेतली. खोटं कशाला बोलू, आवडतही होती. वर्षभरात आमच्या पार्किंगमध्ये लाल गाड्यांची रांगच लागली. सुट्टी झाली की त्या सगळ्या भोसरीकडे, चिंचवडकडे, निगडीकडे पांगायच्या. त्या दोन वर्षांत पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही सिग्नलला थांबलं तर पाच मिनिटांत एक तरी मिरची दिसायची. पाहुणे यायचे ते म्हणायचे, "काय गाडी चाललीय राव तुमची!" आम्ही मान डोलवायचो. नगर-सोलापूरकडे जा, आमच्या धाराशिवकडे जा, दिवसभर फिरून एक दिसायची नाही. पण ते आम्ही सांगत नव्हतो.

त्या वर्षी गणपती बसायच्या आधी, एका सकाळच्या मीटिंगमध्ये, पुढच्या तिमाहीचा प्लॅन बोर्डावर लावला. दोन मॉडेलांपुढे आकडे होते. मिरचीपुढे शेवटच्या महिन्यात नुसती आडवी रेघ. म्हणजे मिरची बंद. साहेब म्हणाले, "ही गोष्ट बाहेर जाता कामा नये. कंपनी जाहीर करेल तेव्हा करेल." आम्ही तोंडाला कुलूप लावलं. पण तोंडाला लावलेलं कुलूप हाताला थोडंच असतं? त्याच दुपारी कँटीनमध्ये तिघंजण जुन्या गाड्यांच्या ॲपवर फोटो चढवत होते.

मीही त्या रविवारी मिरची घेऊन एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडे गेलो. तो माणूस बोलायला फाटका, पण धंद्यात पक्का. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "भाऊ, ही उभी केली ना, तर बघायला पन्नास जण जमतील. घ्यायला एक नाही यायचा. जी गाडी हजारोंनी खपते तिचा आरसा गल्लीतल्या दुकानात मिळतो, तिला कुठलाही मेस्त्री हात लावतो. ही बिघडली तर माणूस कुणाकडं जाईल? आज तरी कंपनी बनवतेय म्हणून एवढे देतो. बंद झाली तर निम्मेही न्हाई देणार." त्याला रेघेबद्दल काही माहीत नव्हतं. त्यानं सांगितलेली किंमत ऐकून मी किल्ली परत खिशात घातली. डीलरला देणं परवडणारं नव्हतं. घरगुती गिऱ्हाईक हवं होतं. विश्वासानं घेणारं.

आणि ते मला आठवायलाही लागलं नाही. ते स्वतःच चार महिन्यांपासून माझ्या मागे लागलेलं होतं.

माझे आयटीआयचे सर. फिटर ट्रेडला त्यांनी आम्हाला दोन वर्षं शिकवलं. लोखंडाच्या तुकड्यावर कानस कशी चालवायची, व्हर्नियरवर माप कसं घ्यायचं, आणि माप चुकलं तर ते स्वतःहून कसं सांगायचं, हे त्यांचं. "जॉब बिघडला तर फेकू नका, माझ्याकडे घेऊन या," असं म्हणायचे. धाराशिवहून एक पिशवी घेऊन आलेल्या पोराला त्यांनी पहिले तीन महिने आपल्या घरी जेवू घातलं होतं. तो पोरगा मी. काकू, म्हणजे त्यांची बायको, तेव्हापासून मला लेकासारखं वागवतात. निवृत्तीनंतर दोघं निगडीला प्राधिकरणात छोट्या बैठ्या घरात राहतात. मूलबाळ नाही.

सरांनी आयुष्यभर स्कूटर चालवली. हजारभर पोरं शिकवून मोटार कंपन्यांत पाठवली आणि स्वतः मोटार घेतली नाही. माझी मिरची पहिल्यांदा त्यांच्या दारात उभी केली त्या दिवशी बॉनेट उघडून ते अर्धा तास वाकून उभे होते. मग मी त्यांना देहूरोडच्या बाजूला फिरवून आणलं. परत आल्यावर म्हणाले, "अरे, ही विकायची झाली तर आधी मला सांग हं."

आता सांगितलं. सर खूश झाले, पण काकूंनी पाय रोवले. काकूंचे दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अजून दोन-तीन वर्षं काढता येतील, मग दोन्ही बदलावे लागतील. त्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशातूनच सर गाडी घेणार होते. सरांचं म्हणणं, तोपर्यंत चालवू, मग विकू, थोडे फार कमी येतील, ते पेन्शनमधून भरून काढू. काकू मला म्हणाल्या, "बाळा, ह्यांना हौस आहे, माझी ना नाही. पण ते पैसे परत यायला पाहिजेत. येतील ना रे? तू सांग. ह्यांच्या बोलण्यावर नको मला जायला."

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "काकू, मी आहे ना."

सर मात्र शब्दावर जाणारे नव्हते. ते मापाचे माणूस. आठ दिवसांनी मला बोलावलं आणि एक वही पुढे टाकली. रोज संध्याकाळी पाच ते साडेसहा ते निगडीच्या बस टर्मिनसजवळच्या चौकात कट्ट्यावर जाऊन बसले होते. समोरून जाणारी प्रत्येक मिरची मोजली होती. दर चार रेघांवर पाचवी आडवी, वार, वेळ, सगळं टापटीप. पानभर रेघा. "बघ," म्हणाले, "एवढी चालते गाडी. चालणाऱ्या गाडीला गिऱ्हाईक असतंच. जाहिरातीवर माझा विश्वास नाही, पण हे मी डोळ्यांनी मोजलंय."

अहो, पाच ते साडेसहा! ती आमच्या जनरल शिफ्टची घरी जायची वेळ. त्या पानावरची जवळजवळ प्रत्येक रेघ आमच्याच माणसाची होती. एका रेघेत मीसुद्धा असेन. सगळ्या देशात खपलेल्या गाड्यांतल्या कितीतरी एकट्या त्या चौकातून घरी जात होत्या आणि सर त्यावरून देशाचा अंदाज बांधत होते. आयुष्यात एकदाही ज्यांचं माप चुकलेलं मी पाहिलं नव्हतं, त्यांचं चुकत होतं, आणि का चुकतंय हे त्या खोलीत मला एकट्याला कळत होतं.

दोन वाक्यं पुरली असती. "सर, ह्या आमच्याच कामगारांच्या गाड्या आहेत. आणि ही गाडी बंद होतेय." कंपनीची ताकीद होती, मान्य. मग पहिलं तरी वाक्य बोलायचं. त्याला कुणाची ताकीद नव्हती. तेवढंही न जमलं तर नुसतं म्हणायचं, "सर, नका घेऊ." सर माझ्या शब्दाखातर थांबले असते, कारणही विचारलं नसतं.

मी वही हातात घेतली, पानावरून बोट फिरवलं आणि म्हणालो, "तुमचं माप कधी चुकलंय का सर?"

यातला एकही शब्द खोटा नव्हता, असं मी नंतर कितीतरी दिवस स्वतःला समजावलं. कसला नालायकपणा! खोटं बोललो असतो तर निदान खोटं बोललो एवढं तरी म्हणता आलं असतं.

खंडेनवमीला गाडी दिली. सर दरवर्षी त्या दिवशी आपली जुनी कानस, व्हर्नियर, हातोडी पाटावर मांडून पूजा करतात. त्या वर्षी त्यांनी व्हर्नियरशेजारी मिरचीची किल्ली ठेवली. काकूंनी आधी गाडीला ओवाळलं, मग मला. "तू होतास म्हणून झालं रे," म्हणाल्या. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, नमस्कार करतोय.

दिवाळीनंतर कंपनीनं जाहीर केलं. पेपरात चार ओळी आल्या. सरांचा फोन येईल म्हणून माझा दोन दिवस जीव टांगणीला लागला होता. तिसऱ्या दिवशी आला. म्हणाले, "अरे, तुझ्या लाइनवरचं काम कमी झालं असेल ना? तुझ्या नोकरीला काही धोका नाही ना?" नाही म्हटलं. "मग ठीक," म्हणाले, आणि फोन ठेवला.

दीड-दोन वर्षं त्यांनी गाडी फार हौसेनं चालवली, हे मात्र मी सांगायला हवं, उगाच सगळं काळं रंगवत नाही. लोणावळ्याला जायचे, पहाटे काकूंना घेऊन देहूला जायचे. पोरं सिग्नलला काच खाली करून "आजोबा, एक नंबर!" म्हणायची. बंद झालेली गाडी असल्यामुळे तर जास्तच माना वळायच्या. आमच्या लोकांनीही एव्हाना आपापल्या मिरच्या मिळेल त्याच्या गळ्यात मारल्या होत्या, त्यामुळे निगडीच्या चौकातसुद्धा ती आता एकटीच असायची. एकदा हेडलाइट फुटला तर नवा यायला दोन महिने लागले. मी ओळखीनं मिळवून दिला. सरांनी त्याबद्दल माझे इतके आभार मानले की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मग काकूंचं चालणं बंद व्हायला आलं. डॉक्टर म्हणाले, आता करा. सरांनी गाडी विकायला काढली. एकामागून एक डीलर येऊन गेले. त्यांनी सांगितलेले आकडे सर मला फोनवर सांगायचे, आणि दर वेळी म्हणायचे, "काहीतरी चुकतंय बघ. एवढी चांगली गाडी." अखेर ॲपवरून एक गिऱ्हाईक मिळालं, चाळिशीचा माणूस, स्वतःच अशा गाड्यांचा शौकीन. सरांनी मला बोलावून घेतलं. "तू ये. तू असलास की समोरच्याला भरवसा वाटतो."

तो माणूस सज्जन होता, पण व्यवहाराला पक्का. गाडी चालवून आला, म्हणाला, "काका, गाडी झकास आहे, ठेवलीय पण झकास. पण मला ही परत विकता येणार नाही, हे धरूनच मी घेतोय." आणि आकडा बोलला. सरांनी जेवढ्याला घेतली होती त्याच्या निम्म्यालाही तो पोचत नव्हता. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "सर, याहून जास्त मिळणार नाहीत." ते खरं होतं. ते खरं बोलताना मला काही जड गेलं नाही, हे विशेष.

कागदांवर सह्या झाल्या. त्या माणसानं सहज मला विचारलं, "तुम्ही कंपनीतच आहात ना? मॉडेल बंद होणार हे तुम्हा लोकांना आधीच कळतं ना हो? मला पुढच्या वेळी सांगा राव."

मी तोंड उघडायच्या आत सर बोलले. "छे छे! त्यांना कुठलं कळतंय. सगळं वरचे लोक ठरवतात. याला आधी कळलं असतं तर यानं मला गाडी घेऊ दिली असती का?"

तो माणूस हसला. गाडी घेऊन गेला. आम्ही दोघं फाटकाशी उभे होतो. मिरचीचा आवाज वळणापर्यंत येत राहिला. सर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "एक मात्र बरं झालं बघ. तू वेळेवर विकलीस. तुला नसता झेपला एवढा फटका, तू पोराबाळांचा माणूस."

ह्याच्यापुढे माझ्याच्यानं राहवेना. मी म्हणालो, "सर, मला माहीत होतं."

"काय?"

"बंद होणार ते. तुम्हाला दिली त्याच्या आधीपासून. आणि चौकात तुम्ही मोजल्या त्या सगळ्या आमच्याच माणसांच्या होत्या. तेही माहीत होतं."

सरांनी पाठीवरचा हात काढला. चटकन नाही काढला, हळूच काढला. त्याच हातानं फाटकाची कडी लावली. मी वाट बघत होतो, त्यांनी शिवी द्यावी, कानाखाली मारावी, आयटीआयमध्ये मारायचे तशी. काहीच झालं नाही. शेवटी म्हणाले, "हिला सांगू नकोस."

"सर..."

"मी काय, मी विसरेन. हिनं तुझ्या शब्दावर पैसे काढून दिले होते. हिला ते कळता कामा नये. तिला तू हवा आहेस."

तेवढ्यात आतून काकूंची हाक आली, जेवूनच जायचं म्हणून. मी नको म्हणणार होतो. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "चल."

काकू भिंत धरून स्वयंपाकघरातून आल्या, एक पाय पुढे, मग दुसरा ओढून त्याच्याजवळ. माझ्या ताटात त्यांनी स्वतः वाढलं, सरांना वाढू दिलं नाही. वाढता वाढता म्हणाल्या, "आलेल्या पैशात एकच गुडघा करून घ्यायचा म्हणते. दुसरा तसा बरा आहे माझा. काय रे, बरोबर ना?"

सर ताटाकडे बघून जेवत होते.

मी म्हणालो, "बरोबर आहे काकू." त्यांनी अजून एक पोळी वाढली आणि मी ती खाल्ली.